शालूचा शर्ट

शालू गेल्याची बातमी मला कोणी कळवली नाही. मी तिथेच होते, तिच्या पाठीशी, तिच्या ब्लाउजचे हूक काढायचा प्रयत्न करत. नंतर बातमी कळवायचं कामच माझ्याकडे आलं. आंजीला, तिच्या गावी, शेजाऱ्यांना, ज्या लग्नात हे घडलं त्याच लग्नाला पुण्याहून निघालेल्या तिच्या मुलाला... ज्याला फोन करावा तो पहिल्यांदा हाच प्रश्न विचारायचा, "गोळी नव्हती का जवळ?" मी म्हणायचे, नव्हती. मग पलीकडून एक सुस्कारा यायचा आणि त्या सुस्काऱ्यात तिच्यावरचा निकाल असायचा. तेरवीपर्यंत तो निकाल पक्का झाला. शालू निष्काळजी होती. स्वतःच्या जिवाची गोळी तिला साधी सोबत नेता आली नाही. पंगतीत पानावर बसून हे बोलणाऱ्या बायांना मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं आहे म्हणून हे लिहिते आहे.

शालू माझी मावसबहीण. वयानं बरोबरीची, अंगानं माझ्या दुप्पट. लहानपणी आम्हा दोघींना आजोळी एकाच ताग्यातले, एकाच मापाचे फ्रॉक शिवायचे, मला ते पोत्यासारखे व्हायचे आणि तिला काखेत काचायचे. पण "शालूचं अंगच तसं आहे" असं सगळे म्हणायचे, फ्रॉक चुकला असं कोणी म्हणायचं नाही. हे मला तेव्हाही खटकायचं. कपडा बसला नाही की दोष बाईच्या अंगाचा, हा कायदा आमच्यासाठी तेव्हापासून लागू झाला तो आजतागायत लागू आहे. तिचं लग्न आंजीला झालं, माझं वर्ध्यात. मी बँकेत चिकटले. तिच्या नवऱ्याची, सुधाकरभाऊजींची, गावात आटाचक्की होती. भाऊजी अकाली गेले तेव्हा तिचा मुलगा मयूर शाळेत होता. चक्की विकून टाक असं सगळ्यांनी सांगितलं. शालूनं कोणाचं ऐकलं नाही आणि दुसऱ्या महिन्यात स्वतः चक्कीवर उभी राहिली.

पहिल्याच उन्हाळ्यात तिचा पदर चक्कीच्या पट्ट्यात गेला. खटका हाताशी होता म्हणून वाचली, साडी मात्र अर्धी फाटून पट्ट्याभोवती गुंडाळली गेली. मी पाहायला गेले तेव्हा ती भाऊजींचा जुना पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट साडीवर चढवून, पदर आत खोचून, बाह्या वर दुमडून ज्वारी दळत होती. मला पाहून म्हणाली, "नंदे, पाह्य. आता घे म्हणा पट्ट्याले. काय घेतं ते." यात नवल करण्यासारखं आमच्याकडे काही नाही. आमच्या भागात कापूस वेचायला जाणारी प्रत्येक बाई साडीवर नवऱ्याचा नाहीतर भावाचा शर्ट घालते. ऊन लागत नाही, काटे ओरबाडत नाहीत, पदर पऱ्हाटीत अडकत नाही. पण ते वावरात. गावात, रस्त्यावरच्या दुकानात, विधवेनं मेलेल्या नवऱ्याचा शर्ट घालून बसावं हे काही लोकांच्या डोळ्यांत सलू लागलं. एक मोठे शेतकरी, आम्ही सगळ्या त्यांना काकाजी म्हणायचो, गव्हाचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "शालूबाई, सुधाकरचे कपडे घालून बसता, बरं नाई दिसत."

"काकाजी, तुमच्या वावरात बाया कापूस वेचाले येतात, त्याईच्या अंगात काय रायते?" शालूनं चक्की बंद न करताच विचारलं. "शर्टच रायते ना? थो तुमाले दिसत नाई आन् माहाच दिसते?"

काकाजींनी पीठ घेतलं आणि पुन्हा ती गोष्ट काढली नाही. भाऊजींचे शर्ट विरले तेव्हा ती बाजारातून पुरुषांचे शर्ट विकत आणू लागली. "कोणाच्या मापाचा देऊ?" या प्रश्नाला "माह्याच" असं उत्तर देताना तिला गंमत वाटायची. पण गैरसमज नको, ते शर्टही तिच्यासाठी केलेले नव्हतेच. खांदे कोपराकडे उतरायचे, बाह्या बोटांवर यायच्या, आणि छातीवर बटण लागायचं नाही. पुरुषाच्या छातीला बाईची छाती कुठून ठाऊक असणार? ती बटणं उघडीच ठेवायची. तरी त्या शर्टात एक गोष्ट होती जी तिच्या साऱ्या साड्या, ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसच्या गठ्ठ्यात मिळून नव्हती. खिसा होता. डाव्या बाजूला, हात सहज पोचेल असा, खराखुरा खिसा.

त्या खिशाचं मोल पुढे कळलं. काही वर्षांपूर्वी चक्कीवर गव्हाचा कट्टा उचलताना तिच्या छातीत कळ आली. वर्ध्यात मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. सोबत मी होते. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, नीट समजावून सांगत होते. जिभेखाली ठेवायची गोळी त्यांनी लिहून दिली आणि बजावलं, "ही गोळी पर्समध्ये ठेवायची नाही, कपाटात नाही. पर्स राहते एका खोलीत आणि तुम्ही असता दुसऱ्या. ही कायम अंगावर पाहिजे."

"अंगावर कुठी?" शालूनं विचारलं.

"अशी." डॉक्टरांनी आपल्या शर्टाच्या खिशावर दोनदा थोपटलं.

शालू त्यांच्या खिशाकडे पाहत राहिली. "तुमच्या कपड्याले खिसा हाये, साहेब. माह्या कपड्याले कुठी हाये?" डॉक्टर हसले. विनोद वाटला त्यांना. मला तेव्हा हसू आलं नाही आणि आज तर त्या हसण्याची आठवण झाली तरी डोकं फिरतं. इतकं शिकून, बाईचं हृदय कापून जोडता येणाऱ्या माणसाच्या लक्षात कधी आलं नव्हतं की समोर बसलेल्या बाईच्या अंगावर एक गोळी ठेवायला जागा नाही.

दवाखान्यातून आम्ही थेट कपड्यांच्या दुकानात गेलो. मीच म्हटलं, आता तू खिशाचे कुर्ते घालायला लाग. दुकानातल्या माणसानं ढीग मांडला. त्यात एकाच आकड्याचे दोन कुर्ते, एक तिच्या दंडात अडकला आणि दुसऱ्यात ती आणि मी दोघी मावलो असतो. आकडा मग कशाचा असतो, हे मला बँकेत जन्म घालवूनही कळलेलं नाही. एकावर चिठ्ठी होती, फ्री साइज. शालू म्हणाली, "कोणाच्या साइजले फ्री हाये हे? माह्या तं नाई." शेवटी एका निळ्या कुर्त्याला दोन्ही बाजूंनी खिसे दिसले. तिनं हौसेनं हात घातला आणि बोटं कापडावरच थांबली. वर सुंदर पट्टी, दोन बटणं, शिलाई... आणि आत काही नाही. नुसती पट्टी शिवून टाकलेली.

"हा खिसा हाये का खिशाचा फोटो?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की बाकीची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

"ताई, लेडीजमध्ये असंच येते," दुकानदार म्हणाला. "खिशानं फिटिंग बिघडते."

"कोणाची फिटिंग? पाहणाऱ्याची का घालणारीची?"

त्यानं दुसरा ढीग काढला. पण मला सांगा, पट्टी शिवली, बटणं लावली, दोरा खर्च केला, मशीन चालवलं, एवढं सगळं करून आत वीतभर कापड लावायला यांच्या हाताला काय लकवा भरला होता? बाईला खिसा हवा असतो हे त्यांना माहीत आहे, म्हणून तर खिशाची नक्कल करतात. माहीत असून देत नाहीत. यालाच मी अपमान म्हणते. पुरुषाच्या अर्ध्या चड्डीला चार खिसे, पाळण्यातल्या पोराच्या झबल्याला खिसा, आणि घराच्या किल्ल्या, पैसे, फोन, औषधं सांभाळणाऱ्या बाईला कंबरेला खोचा नाहीतर ब्लाउजात कोंबा. वर ब्लाउजातून पाकीट काढलं की हसायला हेच तयार.

शालूनं तोही मार्ग करून पाहिला. गोळ्यांचं पाकीट घामानं ओलं व्हायचं आणि त्याची धार टोचून तिच्या अंगाला वळ उठले. मग शिंप्याकडून परकराला खिसा लावून घेतला, तर त्या भल्या माणसानं तो गुडघ्याजवळ लावला. "आता मले कळ आली तं मी चारचौघात साडी वर करू का?" असं त्यालाच तिनं विचारलं. शेवटी ती आपल्या शर्टाकडे परत आली. चक्कीवर तर शर्ट होताच, आता बाजारात, बँकेत, माझ्याकडे येतानाही साडीवर शर्ट असायचा. मळका शर्ट काढून धुतलेला घालताना पहिलं काम, याच्या खिशातली गोळी त्याच्या खिशात. मी हे कितीदा डोळ्यांनी पाहिलं आहे. दात घासावे तसं ती न चुकता करायची. डॉक्टरांनी अंगावर म्हटलं होतं आणि ती अंगावरच ठेवत होती. बसमध्ये चढताना, हिशेब करताना, बोलता बोलता तिचा उजवा हात डाव्या बाजूला जायचा, खिशावर एक थाप मारायचा आणि परत यायचा. तिला ते कळतही नसे.

आणि मग पुलगावचं लग्न आलं.

शालूच्या भावाची मुलगी, तिची एकुलती एक भाची. शालूचा जीव होता तिच्यावर. आजकालच्या रीतीप्रमाणे लग्नात सगळ्या आत्यांना एकाच रंगाच्या साड्या ठरल्या. मीही मावसआत्या म्हणून त्या रांगेत होते. साड्यांबरोबर तयार ब्लाउजही एकगठ्ठा मागवले गेले. रंजनावहिनीनं, म्हणजे नवरीच्या आईनं, फोनवर आमची मापं विचारली होती हे खरं, पण आलं ते कोणाचंच माप नव्हतं. माझा खांद्यावरून घसरत होता. शालूचा छातीवर आवळत होता, आणि उसवून मोठा करावा तर आत कापड सोडलेलंच नव्हतं. पूर्वी शिंपी आत दोन बोटं कापड ठेवायचा. बाईचं अंग वाढतं, सुकतं, बाळंतपण होतं, आजार होतो, हे त्या दोन बोटांत धरलेलं असायचं. आता ते कापडही वाचवतात. शिवाय हूक पाठीमागे. तेही एवढे बारीक की डोळ्यांना दिसू नयेत.

शालूचा मला फोन आला. "ह्या हुका पाठीमागं काऊन लावतात वं नंदे? आपल्याले का चार हात हायेत? शिवणाराले वाटत असन, सगळ्या बायाईच्या घरी हुका लावाले माणूस बसून हाये." मग जरा थांबून, "माह्या घरी कोण हाये?"

मी म्हटलं, नको घालू. तुझा पुढून हुकांचा घाल. तिनं तसं वहिनीला विचारलंही. रंजनावहिनी वाईट बाई नाही, हे मला रागातही लिहिलं पाहिजे. ती एवढंच म्हणाली, "शालूताई, एका दिवसाचा तं प्रश्न हाये. फोटोत सगळ्या आत्या सारख्या दिसल्या पाहिजे." शालूनं मला सांगितलं, "जाऊ दे. पोरीच्या फोटोत मी कायले आडवी येऊ?" साडीवर शर्ट घालून लग्नात जायचं तर तिनं मनातही आणलं नसेल. कोणत्याही बाईनं आणलं नसतं.

लग्नाच्या सकाळी तिनं चक्की चालवली. गावातल्या एका घरी पाहुणे होते, त्यांचं दळण अडलं होतं. ते करून, घाईनं आंघोळ करून, शेजारणीकडून हूक लावून घेऊन ती पुलगावला आली. मंगल कार्यालयात मला म्हणाली, "श्वासच पुरा घेता येऊन नाई राह्यला, बाप्पा," आणि हसली. अक्षता पडल्या. फोटोवाल्यानं आत्यांना बोलावलं. आम्ही सगळ्या एका रंगाच्या, त्या प्रखर दिव्यांसमोर ओळीनं उभ्या राहिलो. पोट आत घ्या, हसा, अजून एक, आत्याबाई जरा आडव्या उभ्या राहा... हे शालूला उद्देशून होतं. ती आडवी वळली आणि तिचा हात छातीवर डाव्या बाजूला गेला. एकदा, दोनदा, मग पुन्हापुन्हा. चेहरा पांढरा पडला. ती "नंदे... गोळी" म्हणाली आणि खाली बसली.

तिला हवा हवी होती आणि ब्लाउज सुटत नव्हता. घामानं भिजलेले ते बारीक हूक माझ्या नखांतून निसटत होते. कोणीतरी ओरडत होतं, पुरुषांनी बाहेर व्हा, आधी बाहेर व्हा. तिचा ब्लाउज काढायचा म्हणून हॉलभर पुरुषांना हाकलण्यात आणि तिच्यावर शाल धरण्यात वेळ चालला होता. सगळ्यांच्या पर्स ज्या खोलीत होत्या तिला कुलूप, किल्ली कोणाच्या तरी मामाकडे, मामा पंगतीत. मी शेवटी दातांनी कापड फाडलं. पर्स आली ती जमिनीवर उलटी केली. कंगवा, रुमाल, गोळ्या म्हणाव्या तर पेपरमिंटच्या, आणि सेफ्टी पिनांचा गुच्छ. शिवणाऱ्यांच्या चुका झाकायला आम्ही सगळ्याच बाळगतो तो गुच्छ. तिची गोळी नव्हती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. गोळी मिळाली असती तर वाचली असती का, असं मी नंतर त्याच तरुण डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. खरंच सांगता येत नसेल. पण तिला संधी तरी मिळाली असती की नाही?

मागच्या आठवड्यात मयूर चक्की भाड्यानं द्यायला आंजीला आला होता. आईचे कपडे मावशीनंच आवरावे म्हणून त्यानं मला बोलावलं. कपाट आवरताना तो दारात उभा होता. एकदम म्हणाला, "मावशी, एक गोळी नेता आली नसती तिले? येवढीशी गोळी... माह्यासाठी तरी जपाचं होतं तिनं." तो आईवर रागावलेला होता. तेरवीच्या पंगतीतला निकाल त्याच्यापर्यंतही पोचला होता आणि त्यानं तो खरा मानला होता. पोरगं रडत नव्हतं, नुसतं रागावलं होतं, आणि ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

शेवटी आम्ही चक्कीत गेलो. दाराच्या मागे खुंटीवर तिचा शर्ट होता. लग्नाच्या सकाळी दळण करून काढून ठेवलेला, खांद्यांवर अजून पीठ. मी तो खुंटीवरून काढला आणि झटकायला गेले तर डाव्या बाजूला काहीतरी कडक लागलं. खिशात गोळ्यांचं पाकीट होतं. जिथे असायला पाहिजे तिथेच. याच्या खिशातली गोळी त्याच्या खिशात, हा तिचा नेम होता. त्या सकाळी तिच्याकडे दुसरा खिसाच नव्हता.

आणि मग मला तो हात आठवला. फोटोवाल्यासमोर डाव्या बाजूला पुन्हापुन्हा जाणारा. सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगितलं, की कळ आली म्हणून तिनं छाती धरली. तिनं छाती धरली नव्हती. ती खिसा शोधत होती.

मी हे मयूरला सांगितलं. तो ऐकत उभा राहिला. माझ्या हातातून त्यानं ते पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, डोळे पुसले, आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिलं. खाली न पाहता.

शर्ट मी घरी आणला. धुतला नाही. माझ्या दाराच्या खुंटीवर आहे. पुढच्या महिन्यात घरात आणखी एक लग्न आहे, आत्यांच्या साड्यांचं पार्सल कालच आलं. ब्लाउज दंडात शिरत नाही आणि हूक पाठीमागे आहेत. तो ब्लाउज मी परत पाठवला आहे. साडी नेसणार आहे, माझ्या जुन्या ब्लाउजवर, आणि वरून शालूचा शर्ट घालणार आहे. ज्यांना फोटो बिघडेल असं वाटतं त्यांनी मला कडेला उभं करावं. डाव्या कडेला, म्हणजे खिसा नीट दिसेल.